तळावरची टकटक

४ मार्च, जहाजावरून

प्रिय वहिनी,

पोचले. जिथे जमीनच नाही तिथे पोचण्याला काय म्हणायचं ते तू ठरव. इथून फोन फक्त कामापुरता. पत्रं मात्र रोज दुपारी गठ्ठ्यानं उपग्रहावरून सुटतात, नुसती अक्षरं, फोटोबिटो काही नाही. तेव्हा मला पत्रांनीच झोडपत जा.

खोली कोनाड्याएवढी आहे. खाली मी, वरच्या बिछान्यावर एक नकाशे काढणारी, ती झोपेत आकडे बोलते. पहिले दोन दिवस पोटात काही टिकलं नाही. आता दोघींचं मी एकटी खाते.

काम सांगते, अण्णांना वाचून दाखव. जहाजामागे लांबलचक केबल ओढत नेतो, तिच्यात ओळीनं कान बसवलेले आहेत. पाण्यात हवेच्या तोफा सोडल्यात, त्या ठरावीक वेळानं बार काढतात. तो आवाज समुद्राच्या तळात शिरतो, आतल्या थरांवर आपटून परत येतो आणि कान तो ऐकतात. डॉक्टर पाठीवर बोटं ठोकून छाती तपासतात, तसंच. शिवाय तळावर पेट्या सोडून ठेवतो. त्या महिनोन्‌महिने तिथे बसून भूकंपाची बारीकसारीक कुरकुर ऐकत राहतात.

या पेट्यांचे कारागीर म्हणजे उस्ताद. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. दादाच्या शेवटच्या मोहिमेत ते त्याच्याबरोबर होते. डेकवर जाताना कमरेला पट्टा बांधून त्याचा हूक कठड्याच्या तारेत अडकवावा लागतो. माझा पाहून ते म्हणाले, "हा पट्टा आहे की गळ्यातली माळ?" मी म्हटलं, आमच्या घराण्यात काही आवळून बांधायची पद्धतच नाही. ते हसले नाहीत.

दादा गेला तेच हे पाणी, वहिनी. मला वाटलं होतं, पाहिलं की काहीतरी होईल. काही झालं नाही. मग जेवायला बसले आणि ताट तसंच परत ठेवून आले.

तुझी
टिटवी


९ मार्च

टिटवे,

तू बडबडतेस म्हणून दादानं तुझं हे नाव ठेवलं. गोष्टीतली टिटवी समुद्र आटवायला निघाली होती, तशी आता तू खरंच निघालीस. चोच सांभाळ.

अण्णा बरे आहेत. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं तरी हात स्वस्थ बसत नाहीत. शेजाऱ्यांची चालू घड्याळंसुद्धा उघडतात आणि म्हणतात, "दमलंय बिचारं." डोळ्याला भिंग लावून जेवायला येतात.

आता खरं सांगते. हे पत्र मी औषधाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. घरचा कॉम्प्युटर बिघडलाय असं अण्णांना सांगितलंय, तो ठणठणीत आहे. औषधवाल्यांनी मला लग्नाचं विचारलं. काउंटरवरच, खोकल्याची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता. त्यांचा कागद फाटला, माझे सुटे पैसे पडले, आणि मागे उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "माझं मलम कुठंय?" असं ते मागणं.

माणूस चांगला आहे. मला आवडतो, हेही लिहून टाकते. पण मी हो म्हणत नाही, आणि का ते फक्त तुलाच कळेल. कंपनीच्या कागदावर लिहिलंय की जहाजानं तुझ्या दादाला तीन दिवस शोधलं. पण तिथला एक खलाशी नंतर बोलून गेला की अर्ध्या दिवसात जहाज वळलं. सहा वर्षं झाली, हे माझ्या मनातून जात नाही. तो जिवंत असताना त्याला सोडून आले का? तसं असेल तर तो कुठल्या घटकेला गेला हे कुणालाच माहीत नाही. मग माझ्यापुरता तो अजून गेलेलाच नाही. मागच्या दाराची कडी मी अजून लावत नाही. किल्ली न्यायची त्याला आठवण नसायची. यायचा आणि तीनदा टकटक करायचा.

तू तिथे आहेस. मला एवढंच शोधून दे. खरं काय ते कळलं की मी हो किंवा नाही म्हणेन.

तुझी
वहिनी


१५ मार्च

प्रिय वहिनी,

औषधवाले? ज्यांच्या बाटलीचं झाकण अण्णांना पक्कड लावून उघडावं लागतं, तेच ना? तुझं पत्र वाचून पहिला एक दिवस मी तुझ्यावर चिडले होते. दुसऱ्या दिवशी स्वतःवर चिडले. आता कुणावर नाही. पण दादाच्या जागी कुणाला बसलेलं पाहायची मला सवय नाही, ती लगेच होणार नाही. रागावू नकोस.

आता ऐक. आपण नशीबवान आहोत की करंटे, ते कळेलच. दादा गेला त्या हंगामात तळावर सोडलेली एक पेटी वर काढायची राहून गेली. त्याला शोधायच्या गडबडीत ती खालीच राहिली, आणि मग जहाज परतलं. आमच्या मोहिमेच्या प्रमुख बाईंना ती पेटी कामासाठी हवी आहे. या समुद्रात तळाचा एक तुकडा दुसऱ्या तुकड्याखाली बुडत चाललाय. सगळ्यांना वाटतं, जिथे बुडतो तिथेच काय ती मोडतोड. पण त्याच्या मागचा भाग, जो बुडत नाही, तो ताणला जातो, पातळ होतो, फाटतो. आम्ही तो मागचा भाग मोजतोय. सहा वर्षांपूर्वी तो किती कुरकुरत होता ते त्या पेटीला माहीत आहे.

आणि वहिनी, पेटी फक्त भूकंप ऐकत नाही. डोक्यावरून जहाज गेलं तर त्याचं इंजिनही ऐकते. जहाज किती वेळ घिरट्या घालत होतं आणि कधी निघून गेलं, ते तिच्यात असणार.

तिला हाक मारून पाहिली. हाकेचा आवाज ऐकला की पेटीनं खालचं वजन सोडून वर यायचं असतं. उत्तर आलं नाही. आता तळावरून आकडा ओढत नेऊन ती अडकते का पाहणार आहोत. उस्तादांना त्या दिवसांबद्दल विचारलं की ते उठून जातात, आणि या कामालाही ते तयार नव्हते. म्हणाले, "जे खाली राहिलंय ते राहू द्यावं." बाईंनी त्यांचं ऐकलं नाही. मीही नाही.

टिटवी


१७ मार्च

टिटवे,

बुडणारा बुडतो आणि ताण मागे राहिलेल्यांना. हे शोधायला एवढं मोठं जहाज कशाला न्यायचं? मला विचारायचंस.

पेटी निघाली की लगेच लिही. चांगलं असो, वाईट असो. मला जपायला जाऊ नकोस.

वहिनी


२४ मार्च, जहाजावरून

प्रिय वहिनी,

पेटी मिळाली, पण तिच्यात काही नाही. बॅटरी आधीच संपली होती. तब्येत सांभाळ. अण्णांचीही सांभाळ. तू तब्येत सांभाळ.

टिटवी


२६ मार्च

टिटवे,

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत होतीस. कपाटाची काच फुटली होती आणि तू दारात उभी राहून म्हणालीस, "मी नाही फोडली, मी नाही फोडली." मी तेव्हाच ओळखलं की ही खोटं बोलली की एकच गोष्ट दोनदा सांगते. आता माझ्या तब्येतीचं तेच चाललंय. आणि टिटवी चार ओळींत गप्प बसली असं कुणी ऐकलंय का?

पेटीत काय होतं ते लिही. नाहीतर मी स्वतः तुझ्या त्या बाईंना पत्र टाकते.

वहिनी


२ एप्रिल, जहाजावरून

वहिनी,

लिहिते. हे घरी वाचू नकोस.

पेटी वर आली तेव्हा तिच्यावर चिखलाचा लेप होता आणि पांढरे किडे चिकटले होते. चौकटीत काचेचा मोठा गोळा असतो, त्याच्या पोटात सगळं यंत्र. गोळ्याला तडासुद्धा नव्हता. चौकटीचा एक पट्टा लोंबत होता, त्याचं बक्कल डेकवर घासत आलं. उस्तादांनी गोळा पुसला आणि त्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले.

आतली नोंद शाबूत होती. दादा पडला तो दिवस काढला आणि कानाला यंत्र लावून ऐकत बसले. इंजिन ऐकू आलं. आमच्या कामात आवाज ऐकण्याआधी त्याचे आलेख पाहायचे असतात, पुढचं-मागचं तपासायचं असतं. माझ्यानं धीर धरवला नाही. इंजिन जवळ आलं, लांब गेलं, परत आलं. मग लांब गेलं आणि आलं नाही. सगळं शांत झालं.

आणि मग टकटक.

तीनदा. थोडा वेळ काही नाही. परत तीनदा. वहिनी, मी कानावरचं यंत्र काढून फेकलं. मग परत लावलं. ते चालूच होतं. घाई नाही, जोर नाही. मागच्या दाराबाहेर उभं राहून करायचा ना, अगदी तसं. जहाज निघून गेल्यावर.

मला माहीत आहे की हे शक्य नाही. मी शिकलेली आहे. पाण्यावर तरंगणारा माणूस काय ठोकणार आणि ते इतक्या खोल कसं पोचणार? हे सगळं मी मला सांगते आणि मग भिंतीपलीकडे एखादा नट वाजतो आणि मी उठून बसते. जेवताना कुणी चमचा टेबलावर ठेवला तरी मी मोजते. वरच्या बिछान्यावरच्या नकाशेवालीनं विचारलं, "तू कुणाला ओ देतेस?" मी झोपेत ओ देतेय म्हणे.

काल संध्याकाळी कठड्याशी उभी राहून पाणी पाहत होते. किती वेळ ते कळलं नाही. उस्तादांनी मागून माझा पट्टा धरून ओढलं. हूक अडकवायचाच राहिला होता. त्यांनी आधी तो अडकवला आणि मगच मला सोडलं.

तुला जपायला खोटं बोलले. माझ्याच्यानं हे एकटीनं पेलवत नाही, म्हणून आता तुझ्यावर टाकतेय. कसली नणंद मी.

टिटवी


५ एप्रिल

टिटवे,

हे पत्र घरच्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. काल दुकानात जाऊन नाही सांगून आले. ते म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "अण्णांच्या गोळ्या उद्या संपतील, आणून देतो." मी म्हटलं, मी नेईन. एवढंच झालं. घरी येऊन नळ सोडला आणि पुष्कळ रडले.

तिन्हीसांजेला मागच्या दारावर टकटक झाली. मी हातातलं टाकून धावले. वाळत घातलेल्या कपड्यांचं हँगर होतं, वाऱ्यानं दाराला लागत होतं. मी ते काढलं नाही. खुर्ची घेऊन दाराशी बसले आणि ऐकत राहिले. अण्णांनी पाहिलं, दिवा लावला आणि आत गेले.

तो खलाशी खरं बोलत होता म्हणायचा. सोडून आले. सहा वर्षं मी वेडी नव्हते, एवढं तरी सिद्ध झालं.

तू कठड्याशी जाऊ नकोस. या घरातलं अजून एक माणूस मी त्या पाण्याला देणार नाही. जमिनीवर परत ये, मग दोघी मिळून वेड्या होऊ.

वहिनी


९ एप्रिल, जहाजावरून

प्रिय वहिनी,

हे पत्र बसून, सावकाश वाच. माझं चुकलं. फार चुकलं.

तुझं पत्र आलं आणि तू नाही सांगून आलीस हे वाचून मी उस्तादांकडे गेले. टकटक त्यांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "सुरुवातीपासून ऐकलंस?" मी म्हटलं, तो पडला त्या दिवसापासून. ते म्हणाले, "ती सुरुवात तुझी. पेटीची नव्हे. पेटी त्याच्या दोन महिने आधीपासून खाली बसली होती."

मग आम्ही पेटी तळावर टेकली तिथपासून ऐकलं. टकटक पहिल्याच दिवशी होती, वहिनी. दादा तेव्हा वर जहाजावर धडधाकट होता, कदाचित चहा पीत होता. भरती-ओहोटीबरोबर तळाशीही पाणी सरकतं. सरकू लागलं की टकटक सुरू, थांबलं की बंद. रोज. आणि तो गेल्यावरही तशीच, बॅटरी संपेपर्यंत, कित्येक महिने. तेवढा काळ कुठला माणूस ठोकत बसेल? चौकटीचा तो पट्टा सैल होता. त्याचं बक्कल पाण्याबरोबर हलून चौकटीवर आपटत होतं. तीनदाच, असंही नाही. कधी दोन, कधी पाच. मी तीन ऐकले कारण मला तीन हवे होते.

आणि जहाजाचं. आता नीट आलेख काढून पाहिलं. मी जिथे इंजिन गेलं म्हणून सोडून दिलं, ते कायमचं जाणं नव्हतं. जहाज तेव्हा वाऱ्याच्या दिशेनं लांब शोधायला गेलं होतं, पेटीच्या कानाबाहेर. नंतर परत आलं. परत गेलं. परत आलं. तीन दिवस, वहिनी, कागदावर होते तेवढेच. शेवटी इंजिन पुष्कळ वेळ एकाच जागी मंद चालू आहे. उस्ताद म्हणाले, "तेव्हा आम्ही सगळे कठड्याशी उभे होतो. कॅप्टन जहाज वळवायला तयार नव्हता." उस्ताद सांगतात, तो खलाशी पहिल्या दिवशीच डोक्याला मार लागून खाली पडून होता. जहाज लांब गेलं ते त्यानं बिछान्यावरून ऐकलं. त्यालाही माझ्यासारखंच अर्धवट ऐकू आलं.

त्याला कुणी सोडून आलं नाही. मी तुला नाही म्हणायला लावलं ते माझ्या अर्धवट ऐकण्यामुळे. तुझ्या पाया पडते.

बाईंकडून परवानगी काढून आवाजाचा एक लहानसा तुकडा या पत्रासोबत पाठवतेय. टकटकीचा. तुझा माझ्यावर आता विश्वास नसेल, तर स्वतःच्या कानांनी ऐक. अण्णांना ऐकवायचं की नाही ते तू ठरव.

टिटवी


१४ एप्रिल

टिटवे,

घरच्या कॉम्प्युटरला आवाजच नाही. म्हणजे तो बिघडलाय हे मी अण्णांना सांगितलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं. तेव्हा ज्या दुकानात नाही म्हणून आले तिथेच जावं लागलं. अण्णा म्हणाले, मीही येतो. मी म्हटलं, ऊन आहे. ते म्हणाले, "मुलाचं काहीतरी आलंय ना? मग ऊन कसलं सांगतेस?" त्यांना कसं कळलं, विचारू नकोस. त्यांना सगळं कळतं, फक्त ते भिंग लावून बसतात म्हणून आपल्याला वाटतं की दिसत नाही.

औषधवाल्यांनी अण्णांना स्टूल दिलं, आवाज लावून दिला आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणाले, "जरा थांबा." एवढंसुद्धा मला भरून यायला पुरलं.

मी अण्णांना काहीही सांगितलं नव्हतं. पट्टा नाही, पाणी नाही, काही नाही. त्यांनी कान आवाजाच्या डब्याला टेकवला, घड्याळाला टेकवतात तसा. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "हे कुणी ठोकत नाहीये. ठोकणाऱ्याचा हात दमतो. हे दमत नाही. कुठलं तरी बक्कल सैल आहे." मी म्हटलं, हो अण्णा. ते स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "म्हणजे त्यानंच बांधलेलं असणार."

टिटवे, पेट्या आवळायचं काम दादाचंच होतं ना? उस्तादांना माहीत असेल, ते बोलले नाहीत. माणूस मोठा आहे.

दप्तराचा पट्टा सैल. चपलेचा सैल. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जायचं, अण्णांनी त्याला किती भोकं पाडून दिली. मी लग्न करून आले तेव्हा त्याच्यामागे आवळत फिरायचे. तो म्हणायचा, "जीव गुदमरतो गं." तुला जिनं ओ द्यायला लावली ती टकटक त्याचीच होती. त्याच्या हातचा तो एक सैल पट्टा, तो गेला तरी तळाशी वाजत राहिला.

आता मी लपवलेलं सांगते. त्याचं सामान आलं तेव्हा त्यात त्याचा कमरेचा पट्टा होता. कुणीतरी न बघता सगळ्यांबरोबर बांधून दिला असेल. त्याचा हूक नीट होता. बक्कल लावलेलंच होतं, सुटलेलं नव्हतं, तुटलेलं नव्हतं. शेवटच्या भोकात. माझ्या दोन कमरा मावतील एवढा सैल. लाट आली, पट्टा तारेला राहिला आणि माणूस त्यातून निसटून गेला. हे मी पहिल्या दिवसापासून जाणत होते. कपड्यांच्या ट्रंकेत खाली दाबून ठेवलं, अण्णांना दाखवलं नाही, तुला नाही. जहाजवाल्यांना शिव्या देणं सोपं होतं. त्याच्यावर कसं चिडायचं? जो मेलाय त्याला कसं म्हणायचं की अरे, एवढा एक पट्टा ओढला असतास तर?

काल म्हटलं. त्या पट्ट्यालाच म्हटलं. घरात कुणी नव्हतं, मोठ्यानं भांडले, नावं ठेवली, त्याची आई काढली, म्हणजे माझीच सासू, देव तिचं भलं करो. मग पट्टा अण्णांना दिला. त्यांनी भिंग लावून बक्कल पाहिलं, तेल घातलं आणि त्यांच्या हत्यारांच्या खणात ठेवून दिलं.

मग मी दुकानात गेले. औषधवाले बाटलीचं झाकण लावत होते, नेहमीसारखं, दात-ओठ खाऊन. मी म्हटलं, असंच लावत जा, कुणी काही बोललं तरी. त्यांना काय कळलं देव जाणे, पण कागद परत फाटला. हो म्हणून आले, हे अण्णांना घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला पक्कड जवळ ठेवावी लागणार तर."

काल मागच्या दाराची कडी लावली. घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. झोप लागली नाही, पण उठून काढलीही नाही.

उस्ताद ती पेटी परत खाली सोडणार असतील तर सोडू देत. पट्टा नवा घालतील, तोही घालू देत. मला तो जुना पाठवू नकोस. एकच कर. डेकवर जाण्याआधी कमरेचं बक्कल ओढ. गुदमरेपर्यंत ओढ. मग उस्तादांना दाखव, आणि ते हसले की मला लिही.

तुझी
वहिनी